बहात्तर आणि सत्तावीस

सरकारी कागदावरचा एक आकडा चुकला, तर तुमचं बोट आधी कोणाकडे जातं?

माझं बोट सरळ खिडकीच्या पलीकडे जायचं. पंख्याखाली बसलेल्या, चहाच्या कपावर बशी झाकून ठेवलेल्या त्या माणसाकडे. चूक त्याचीच असणार, असं मी धरूनच चालायचे. ज्या घरात मी वाढले तिथे हे कोणी मुद्दाम शिकवलं नाही. ते हवेतच होतं.

माझे वडील चंद्रपूरच्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि मोर्च्यांची पत्रकं. पत्रक एका बाजूनं छापलेलं असे, दुसरी बाजू कोरी. छापताना बिघडलेले ताव ते घरी आणत. छापील बाजूवर मी वाचायला शिकले आणि कोऱ्या बाजूवर भागाकार करायला. माझ्या अभ्यासाच्या प्रत्येक कागदावर एकीकडे मागणी असायची आणि दुसरीकडे गणित. शाळेतल्या बाई विचारायच्या, घरी वह्या नाहीत का? होत्या. पण पत्रकाचा कागद जाड असायचा, रबरानं फाटत नसे.

वडिलांची शाळा दहावीनंतर सुटली. गणित सुटलं नाही. कोळशाचा ट्रक समोरून गेला की त्याच्या नंबराची जात ते विचारायचे. त्यांचा शब्द हाच, जात. आमच्या घरात हा शब्द फक्त संख्यांसाठी वापरायची परवानगी होती. सम की विषम? मूळ की संयुक्त? तीननं जातो का, आठनं जातो का? मग त्यांची आवडती वर्गवारी यायची. संख्येला स्वतःला सोडून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज करायची. बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण, कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल.

"सहा?"

"एक, दोन, तीन. बेरीज सहा. परिपूर्ण."

"आठ?"

"एक, दोन, चार. सात. न्यून."

"एकनं हुकली बिचारी. आपल्या घरातली हाये. अन् बारा?"

"एक, दोन, तीन, चार, सहा. सोळा."

"विपुल. म्हंजे ठेकेदार."

आई आतून म्हणायची, "पोरीले संख्या शिकवून राह्यले का भांडन?" वडील म्हणायचे, दोन्ही.

छापखान्यात त्यांना आकड्यांची धास्ती असे. मजकुरात वेलांटी चुकली तर वाचणारा समजून घेतो, पत्रकाखालचा फोन नंबर चुकला तर सगळं पत्रक वाया. म्हणून त्यांची एक रीत होती. कोणी नंबर तोंडी सांगितला की आधी तो लिहून घ्यायचा, मग सांगणाऱ्यानं आपल्याकडच्या अंकांची बेरीज करून तिला नवानं भागून काय उरतं ते सांगायचं, आणि लिहिणाऱ्यानं आपल्याकडे तेच उरतं का पाहायचं. उरलेलं जुळलं नाही तर कुठेतरी चूक आहे. याला ते नवाची कसोटी म्हणत. त्यानंतर ते अकराची कसोटीही लावायचे. मला अकराची किचकट वाटायची. नवाची मी पाठ केली, अकराची त्यांच्याकडेच राहू दिली.

मोठी झाल्यावर मी गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलगावांत वनहक्काच्या दाव्यांचं काम करू लागले. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून लोक अर्ज करतात, त्याला दावा म्हणतात. मी ते अर्ज लिहायचे, नकाशे काढायचे, ग्रामसभेच्या ठरावाच्या नकला जोडायचे. प्रत्येक दाव्याला एक क्रमांक मिळतो, दहा अंकी. पुढे सगळीकडे तोच चालतो. माणूस गावात राहतो, क्रमांक कार्यालयात राहतो, आणि कार्यालयाची ओळख क्रमांकाशी असते.

म्हणून मी एक पत्रक काढलं. दाव्याचा क्रमांक कसा जपावा, फोनवर कसा सांगावा, याचं. त्यात ठळक अक्षरांत एक वाक्य होतं: नवाची कसोटी लावा, क्रमांक चुकणार नाही. छापण्याआधी वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"अकराची टाक याच्यात."

"जागा नाही बाबा."

"मंग वरची घोषणा लहान कर."

"घोषणा लहान केली तर पत्रक कशाचं? आणि अकराचं लोकांना जड जाईल."

"तुले जड जाते म्हन," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

ते पत्रक पुष्कळ गावांत गेलं. काही घरांत दारामागे चिकटवलेलं मी पाहिलं आहे. पाहून बरं वाटायचं, हेही लपवत नाही.

त्यातलं एक घर एका बाईचं होतं. साठीच्या पुढची, गोंड, नवरा वारलेला, घरात एक सून. मुलगा कामाला तेलंगणात. गावाच्या टोकाला उतारावर तिच्या दोन बांध्या होत्या, म्हणजे धानाची बांध घातलेली दोन लहान वावरं, आणि त्यांच्या कडेला मोहाची झाडं. त्याच तुकड्यासाठी तिनं दावा केला होता. तो खालच्या समितीनं फेटाळला. कसत असल्याचा पुरावा अपुरा, एवढंच पत्रात लिहिलेलं. पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे अपील करायचं असतं. अपील झालं नाही तर ती जमीन जंगलाची.

बाईला हे पूर्ण समजत होतं. मी समजावू लागले की ती हात करून थांबवायची. "सात धा साल नाई, माह्या सासऱ्याच्या बापानं फोडली ते जमीन. तू कागद कर. बाकीचं मले मालूम हाये."

पुरावा गोळा करायला दिवस गेले. म्हाताऱ्यांचे जबाब, बांधांचे फोटो, शेजारच्या शेतांच्या सीमा. एकोणसाठाव्या दिवशी मी सगळे कागद घेऊन जिल्ह्याच्या गावी पोचले आणि खिडकीबाहेरच्या बाकावर अपिलाचा छापील अर्ज भरायला बसले. पहिलीच ओळ दाव्याच्या क्रमांकाची, दहा चौकटी. तेव्हा लक्षात आलं की क्रमांक असलेली पोचपावती बाईनं पुन्हा आपल्या डब्यात ठेवली आहे आणि मी तो वहीत उतरवलेलाच नाही.

गावात फोन लागत नाही. चिंचेच्या झाडाजवळ, टेकाडावर, तेवढी रेंज येते. मी शेजारच्या गावच्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला, तो सायकलनं निरोप घेऊन गेला. अर्ध्या-पाऊण तासानं बाईचा फोन आला. धापा टाकत होती.

"आनला कागद. लिव्ह."

"सांगा बाई."

तिला मराठी वाचता येत नाही. पण अंक ओळखते, एकेक करून, आणि मोजते गोंडीत. शून्याला ती "खाली" म्हणते, रिकामं या अर्थानं. तिनं सुरू केलं, सावकाश, प्रत्येक अंकावर बोट ठेवल्यासारखं.

"मूंद… अर्मूर… सारूंग… उंदी…"

तीन, आठ, सहा, एक. मला तेवढी गोंडी येत होती. पण खिडकी बंद व्हायला फार वेळ नव्हता, मागे रांग होती, आणि मला वाटलं की इतक्या महत्त्वाच्या कामात मध्ये भाषांतर नको.

"थांबा बाई, थांबा. सुनेजवळ द्या फोन. ती शिकली आहे, ती मराठीत वाचेल."

मग सून बोलली. बारावीपर्यंत शिकलेली, चटपटीत पोरगी. तिनं आपण सगळे वाचतो तसा दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी क्रमांक वाचला.

"लिहा ताई. अडतीस. एकसष्ट. शून्य चार. ब…"

रेंज तुटली, परत आली.

"…हात्तर. छप्पन."

मी लिहून घेतलं. मग म्हटलं, "नवाची कसोटी लाव."

तिला ती माझ्याच पत्रकातून येत होती. तिनं पुटपुटत बेरीज केली. "बेचाळीस होते ताई. नवानं सहा उरते."

मी माझ्या चौकटींतल्या अंकांची बेरीज केली. बेचाळीस. सहा.

"जुळलं," मी म्हटलं. अर्ज दिला, शिक्का घेतला. परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून मी डब्यातली पोळी खाल्ली. समाधानानं खाल्ली, हे आठवतं.

त्यानंतर तीन महिने काही कळलं नाही. मग दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली, बाईच्या दाव्यावर शेरा आला: विहित मुदतीत अपील प्राप्त नाही, प्रकरण बंद. दुसरी मला कार्यालयाबाहेर चहाच्या टपरीवर कळली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या गावातला एक म्हातारा अपिलाच्या सुनावणीला हजर झाला होता. त्यानं अपील केलेलंच नव्हतं. त्याचा दावा केव्हाच मंजूर होऊन पट्टाही, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागदही, मिळालेला. बोलावणं आलं म्हणून घाबरून, दोन बस बदलून तो आला आणि साहेबांनी अर्ज वाचून दाखवला: अर्जदार विधवा असून सुनेसह राहते.

"मी म्हनलो, सायेब, मी बाई नाई," तो टपरीवर सांगत होता, "अन् विधवा तं नाईच नाई. बुढी घरी हाये माही, पाहिजे तं आनून दाखवतो."

आजूबाजूचे हसले. मीही हसले. आणि हसता हसता माझं डोकं पेटलं. मला वाटलं, हा घ्या पुरावा. अर्ज मिळाला नाही म्हणतात आणि तोच अर्ज दुसऱ्याच्या फायलीत लावतात. मी दोन दिवसांत पत्रक लिहिलं. असं पत्रक मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. त्यात त्या कार्यालयाला मी आंधळं म्हटलं, आणि पुढच्याच ओळीत म्हटलं की हे आंधळेपण नाही, हा कट आहे. खिडकीवरच्या कारकुनाचं नाव घातलं नाही, पण त्याच्या कपावरच्या बशीचा उल्लेख केला. सगळ्यांना कळावं म्हणूनच केला.

पत्रक वाटून झालं. पाऊस लागायच्या आधी बाईच्या उतारावर वनखात्याचे मजूर आले आणि खड्डे खोदून गेले. पावसात त्यांत सागाची रोपं लागली. बांध्यांच्या आत, ओळीनं.

मी चंद्रपूरला घरी आले ती माहितीच्या अधिकारात मिळालेल्या अर्जाच्या नकलेसह. नवं पत्रक लिहायचं होतं, त्यात नक्कल छापायची होती. त्याआधी मी ती नक्कल आणि बाईच्या पोचपावतीचा फोटो शेजारी ठेवून पाहिले होते. पाहिले म्हणजे काय, तर दोन्हींची बेरीज केली. बेचाळीस, बेचाळीस. अंकही तेच दिसत होते. मी पुढे पाहिलंच नाही. कसोटी उत्तीर्ण झाल्यावर कोण पुन्हा वाचतं?

दुपारची वेळ होती. वडील ओट्यावर बसले होते. छापखाना केव्हाच बंद पडला, पण खिळे उलटे असतात, ते उजवीकडून वाचायचे असतात, ती सवय त्यांच्या डोळ्यांत तशीच आहे. त्यांनी दोन्ही कागद मांडीवर घेतले आणि उजव्या टोकाकडून बोट सरकवू लागले.

"अकरा लावलं का?"

"नवाची जुळते बाबा."

"मी अकराचं विचारून राह्यलो."

त्यांनी पोचपावतीवरच्या क्रमांकाला अकराची कसोटी लावली. ती अशी: उजवीकडचा पहिला अंक घ्यायचा, दुसरा वजा, तिसरा मिळवायचा, चौथा वजा, असं शेवटपर्यंत. क्रमांक होता ३८६१०४७२५६. सहातून पाच गेले, एक. दोन मिळवले, सात गेले, चार मिळवले. असं करत ते डाव्या टोकाला आले आणि शून्यावर थांबले. शून्य म्हणजे अकरानं पूर्ण भाग जातो.

मग माझ्या अर्जाची नक्कल. पुन्हा उजवीकडून. त्यांचा हिशेब दहावर थांबला. त्यांनी परत केला. परत दहा.

"हे दोन येगळे नंबर हायेत," ते म्हणाले.

मी कागद ओढून घेतले. ३८६१०४७२५६. ३८६१०४२७५६. बहात्तरच्या जागी सत्तावीस.

मला आधी ते दिसेनाच. मग दिसलं, आणि नंतर दुसरं काही दिसेना. कसं झालं तेही तिथेच बसल्या बसल्या कळलं. मराठीत आपण एकक आधी बोलतो. बहात्तर म्हणताना आधी "ब" येतो, म्हणजे दोन, आणि सत्तर मागून येतात. लहानपणी वडिलांनीच शिकवलं होतं: ऐकून लिहिताना जोडीची दोन घरं राख, आधी ऐकू येतो तो अंक उजवीकडच्या घरात टाक. पण त्या दिवशी "ब" आला आणि आवाज तुटला. माझ्या हातानं वाट पाहिली नाही. पुढच्या रिकाम्या चौकटीत दोन लिहिला. "हात्तर" आलं तेव्हा त्याच्या पुढे सात लिहिला.

"मंग नवानं काऊन पकडलं नाई?" मीच विचारलं. रडू आलं की माझी भाषा घरची होते.

"नऊ फक्त बेरीज पाह्यते. अंक कोनत्या घरात बसला, ते त्याले दिसत नाई. सात-दोन काय अन् दोन-सात काय." त्यांनी वजाबाकी करून दाखवली. दोन क्रमांकांतला फरक चार हजार पाचशे, म्हणजे नवाची पाचशे पट. "शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली का फरक नेहमीच नवाच्या पटीत येते. नऊ त्याले ओळखूच शकत नाई. अकरा पकडते."

त्यांनी "तुले सांगतलं होतं" असं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

नंतरच्या दिवसांत मी त्या दोन संख्यांच्या मागेच लागले. दोन्ही सम. दोन्ही तीननं विभाज्य. दोन्हींचा नवाचा शेष सहा. सहाच्या पुढची सहाच्या पटीतली प्रत्येक संख्या विपुल असते, म्हणून दोन्ही विपुल. चारनंही दोन्ही जातात. मला जे जे रकाने येत होते, त्या प्रत्येक रकान्यात त्या शेजारी शेजारी बसत होत्या. आठपाशी पहिल्यांदा वेगळ्या होतात: शेवटचे तीन अंक बाईकडे दोनशे छप्पन, त्याला आठनं भाग जातो, आणि माझ्याकडे सातशे छप्पन, त्याला जात नाही. आणि अकरापाशी. बाईची संख्या मी आठ, तीन आणि अकरानं भागून पुढे नेली. उरली १४६२५१७९. शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून पाहिलं, एकानंही भाग गेला नाही. ती स्वतःच मूळ आहे की तिचे कोणी मोठे अवयव लपले आहेत, हे मला अजून माहीत नाही. संगणकाला विचारलं तर क्षणात सांगेल. मी विचारलेलं नाही. कागदावरचं हे काम करताना निदान दुसरं काही करावं लागत नव्हतं.

दुसरं करायचं ते मी टाळत होते. शेवटी गेले.

बस फाट्यावर सोडते, तिथून चालत. बाई दाराशी पळसाच्या पानांचे द्रोण टाचत बसली होती. सून चुलीपाशी. मी बसले आणि आधीच ठरवल्याप्रमाणे पहिलं वाक्य बोलले.

"बाई, चूक माझी होती."

"कोनती?"

"नंबर मी चुकीचा लिहिला. सात-दोनच्या जागी दोन-सात. म्हणून तुमचा कागद त्या बाबाच्या फायलीत गेला."

"म्हंजे सायबानं नाई केलं?"

"नाही."

"अन् तो कागद वाटला तुनं? सायबानं केलं म्हून?"

"तो खोटा ठरला."

तिनं काडी मोडली, पान टाचलं, द्रोण बाजूला ठेवला. दुसरं पान घेतलं. चुलीजवळून सून उठून आली.

"ताई, मी बरोबरच वाचलं होतं ना?"

"तू बरोबर वाचलंस. अगदी बरोबर."

ती सासूकडे वळली, तिनं ऐकलं का ते पाहायला. तेव्हा मला कळलं की इतके महिने या घरात ती चूक कोणाच्या अंगावर होती. नवरा तेलंगणातून फोनवर तिला काय काय बोलला असेल, ते तिनं सांगितलं नाही. बाईही तिच्याकडे न पाहता म्हणाली, "मी बी हिलेच म्हनत होती." आणि मग माझ्याकडे पाहून: "मी सांगून राह्यली होती तुले. येक येक करून. तू म्हनलीस, थांबा बाई."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं, "आता?"

मी सांगितलं, उशीर माफ करावा असा अर्ज करता येतो, मी माझी चूक लिहून देईन, सही करीन. किती दिवस लागतील सांगता येत नाही.

"तवर ते झाडं?"

सागाच्या रोपांना नवी पानं फुटली होती. ती उतारावरून दिसत होती.

"उपटली तं केस होते," ती म्हणाली. "ठेवली तं जंगल होते."

त्या वर्षी तिच्या बांध्यांत धान लागला नाही.

मी दुसरं पत्रक काढलं. त्यात लिहिलं की आधीच्या पत्रकातला आरोप चुकीचा होता आणि क्रमांक मीच चुकवला. पहिली प्रत घेऊन मी त्याच खिडकीवर गेले. कारकुनानं ती उभ्यानं वाचली. कपावर बशी होतीच.

"बशीचं काही लिहिलं नाही या टायमाले?"

"माफ करा."

"किती छापले?"

"पहिल्याइतकेच."

"पहिलं ज्यानं वाचलं त्याच्याच हातात हे जाईन का मॅडम?" त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "माह्या पोरीच्या वर्गात वाचलं होतं ते पहिलं. मोठ्यानं."

माझ्याकडे बोलायला काही नव्हतं असं नाही. होतं. अपिलाच्या अर्जावर बाईचं नाव होतं, गाव होतं, चारही सीमा होत्या, विधवा असल्याचं लिहिलेलं होतं. क्रमांक ज्याचा निघाला तो पुरुष, दुसऱ्या टोकाचा, पट्टा मिळालेला. पहिलंच पान वाचलं असतं तरी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. अर्जातला माणूस कोणी वाचला नाही, सगळ्यांनी क्रमांक वाचला. हे मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते, आणि उशिराच्या अर्जात ते लिहिलंही आहे. पण त्या खिडकीसमोर उभं राहून ते म्हणायचा हक्क मी स्वतःच घालवला होता. तो परत कसा मिळवायचा, मला माहीत नाही. कदाचित मिळत नाही.

अर्ज अजून पडून आहे. या पावसातही बाईच्या उतारावर साग आहे आणि ती दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते. सून तिच्यासोबत जाते. मी गेले की बाई मला बसायला सांगते, चहा देते. क्रमांकाचं काही निघालं की मात्र ती मला मध्येच थांबवते आणि पूर्ण क्रमांक गोंडीत म्हणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी तो एकेक करून लिहिते आणि तिला परत वाचून दाखवते. तो इथे छापू का, असं मी तिला विचारलं होतं. "छाप," ती म्हणाली, "बराबर छाप."

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. नवाची कसोटी लावा, क्रमांक चुकणार नाही, असं छापलेला माझा कागद तुमच्या गावात कुठे चिकटवलेला दिसला, तर ती ओळ पेनानं खोडा आणि खाली लिहा की अदलाबदल नवाला दिसत नाही, अकराची लावा. आणि तुमच्या ओळखीत कोणाचा दावा, कोणाचं रेशन, कोणाचा कसलाही अर्ज क्रमांक जुळत नाही म्हणून अडला असेल, तर आजच त्यांच्याकडे जा. मूळ कागद बाहेर काढायला सांगा. जोड्यांनी नाही, एकेक अंक वाचायला सांगा, ज्या भाषेत त्यांना मोजता येतं त्या भाषेत. त्यांचं संपेपर्यंत बोलू नका. मग तुमच्याकडचा क्रमांक उजवीकडून वाचा.